टेम्पमधले रिपोर्ट

चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत सगीरा बारा वर्षं सर्व्हर सांभाळत होती. जिल्ह्यातल्या लहान लॅब आणि दवाखान्यांचे संगणक ही कंपनी आपल्याकडं चालवायची. लॅबच्या टेबलावर फक्त पडदा आणि कीबोर्ड. खरं मशीन कंपनीच्या खोलीत, एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात. अशी एकशे बत्तीस व्हर्च्युअल मशीन होती, आणि त्या सगळ्यांच्या डिस्क मिळून एकच साठा वापरायच्या. तो साठा दोन वर्षांपासून काठोकाठ भरलेला होता.

नवा साठा घ्या, असं तिनं सहा वेळा लिहून दिलं. सहाव्यांदा तिचा साहेब प्रणय म्हणाला, "सगीरा मॅडम, आधी कचरा काढा. मग बघू."

कचरा ती काढतच होती. एकेका मशीनमध्ये शिरायचं, जुने लॉग, म्हणजे मशीननं आपोआप लिहिलेल्या नोंदी, पुसायचे, तात्पुरत्या फाईलींच्या टेम्प नावाच्या फोल्डरात साचलेलं फेकायचं. पण आतली फाईल पुसली तरी व्हर्च्युअल मशीनची डिस्क बाहेरून फुगलेलीच राहते. ती आकसायला आतली रिकामी जागा आधी शून्यांनी भरावी लागते. मग मशीन बंद करायचं, डिस्कची नवी, आटोपशीर प्रत करायची आणि जुनी काढून टाकायची. एका मशीनला पाऊण तास. शेवटच्या मशीनपर्यंत पोचेस्तोवर पहिलं पुन्हा भरलेलं असायचं. तिचं मनगट दुखायचं आणि पडेगावच्या घरी पोचल्यावर कुणाशी बोलायलासुद्धा नको वाटायचं.

मार्चमध्ये कंपनीनं कंत्राटावर अंगदला घेतलं. पंचेचाळिशीचा माणूस, फुलंब्रीहून रोज बसनं यायचा. बापाची मेंढरं होती. हा एकटाच शिकून संगणकाकडं वळलेला. तिसऱ्या दिवशी तो सगीराच्या मागं उभा राहून बघत राहिला.

"मॅडम, हे तुम्ही हातानं करता? समदं?"

"मग कशानं करू?"

"स्क्रिप्ट लिहू की. एका टायमाला वीस-वीस मशीनं रांगेत लावून देऊ. तीच आत शिरंल, तीच पुशील, तीच बंद-चालू करंल."

तीन आठवड्यांत त्यानं ती लिहिली. साठ-सत्तर ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकानं ओळीनं पाळायच्या आज्ञा. पाच रिकाम्या मशीनांवर चालवून पाहिली, चुका दुरुस्त केल्या. मग काही न पुसता नुसती यादी काढायला लावली: टेम्पमधल्या, तीस दिवसांहून जुन्या, कोणकोणत्या फाईली जाणार.

"मॅडम, यादी एकदा नजरंखालून घाला. मला नाव वाचून कळत नाय कुणाचं काय हाय ते. तुम्ही व्हय म्हणाल तवाच लावतो."

यादी साठ हजार ओळींची होती. सगीरानं पहिली काही पानं वाचली, मधली दोन-चार चाळली. सगळीकडं तेच: लॉग, अर्धवट डाउनलोड, प्रिंटरचा गाळ. डोळे चुरचुरत होते. तिनं होकार लिहून टाकला.

लॅब बंद असतात म्हणून रविवारी सकाळी स्क्रिप्ट लावली. दोघं चहा पीत बसले आणि पडद्यावर एकेका मशीनचं नाव सरकत राहिलं. दुपारी चारला शेवटचं मशीन चालू झालं. शहाण्णव टक्के भरलेला साठा अठ्ठावन्नवर आला होता. त्या रात्री सगीरा कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

सोमवारी साडेनऊला फुलंब्रीच्या एका लॅबमधून फोन आला. तिथली टेक्निशियन सुकेशनी.

"मॅडम, जुने रिपोर्ट दिसंनात. मागच्या महिन्याचे हायेत, त्याच्या आधीचे सात महिन्यांचे नायत."

"कुठं ठेवत होतीस?"

"टेम्पमध्ये."

 सगीरानं अंगदला बोलावलं. आधी बॅकअप पाहिला. जागा वाचावी म्हणून बॅकअपमधून टेम्प वगळलेलं होतं. ते तिनंच कधीतरी वगळलं होतं. नुसती पुसलेली फाईल कधीकधी परत मिळते, कारण तिचा मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो. इथं त्यावर शून्यं लिहिली गेली होती, आणि जुनी डिस्कही उरली नव्हती. अंगद दुपारपर्यंत खटपट करत राहिला. मग त्यानं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"गेलं, मॅडम. चार हजार रिपोर्ट. काय राहिलं नाय."

संध्याकाळी प्रणयनं दोघांना बोलावलं. तो ओरडला नाही. तोही दमलेलाच दिसत होता. "लॅबला काहीतरी लेखी द्यावं लागेल. स्क्रिप्ट अंगदची आहे. कंत्राट तसंही जूनमध्ये संपतंय, ते आत्ताच संपवू. विषय मिटेल."

अंगद खाली मान घालून उभा होता.  बाहेर आल्यावर फक्त म्हणाला, "पावणेसातची बस गाठायचीय," आणि गेला.

सगीरा खुर्चीत परतली. एक प्रश्न तिला सुटत नव्हता. एवढी नीट काम करणारी मुलगी रिपोर्ट टेम्पमध्ये का ठेवील? तिनं तक्रारींची जुनी नोंद उघडली. आठ महिन्यांपूर्वीची तक्रार सापडली. फुलंब्रीच्या लॅबची: रिपोर्टचं फोल्डर भरलंय, सेव्ह होत नाही. खाली उत्तर होतं: तूर्त टेम्पमध्ये ठेवा, दोन दिवसांत जागा वाढवून देते. त्याखाली सगीराचं नाव. आणि शेवटी शेरा: तक्रार बंद.

त्या आठवड्यात साठा दोनदा तुंबला होता, एवढंच तिला आठवलं. ते दोन दिवस कधी आलेच नव्हते. सुकेशनीनं बिचारीनं पुन्हा विचारलंही नव्हतं.

ती नोंद तिच्याशिवाय कुणी उघडणार नव्हतं.  घरून फोन आला, तो तिनं उचलला नाही. मग कागदावर नोंद छापली, यादीला दिलेला होकारही छापला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कागद प्रणयच्या टेबलावर ठेवले.

त्यानं वाचलं आणि चष्मा काढला. "हे मला दाखवायची काय गरज होती?"

"सर, टेम्पमध्ये ठेवायला मीच सांगितलं. यादी न वाचता होकारही मीच दिला. त्या माणसानं मला विचारून काम केलंय."

"तुमची बढती आहे यंदा."

"माहीत आहे."

"आता होणार नाही ती."

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

त्या शनिवारी सिडकोच्या स्टँडवरून बस धरून ती फुलंब्रीला गेली. तिथल्या स्टँडवर अंगद उभा होता; ती येणार हे त्याला ऑफिसात कळलं होतं.

"तुम्ही कशाला आलात, भाऊ? सुट्टी आहे तुमची."

"तुमचीबी हाय की."

लॅब म्हणजे दोन खोल्या. सुकेशनी तिशीची, हातात रबरी मोजे. सगीरानं तिला सगळं सांगितलं, ती जुनी तक्रारसुद्धा. सुकेशनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मलाच वाटत व्हतं, आपलंच काय चुकलं. रातभर झोप नाय लागली, मॅडम." ती चिडली नाही, पण त्या दिवशी चहाचंही विचारलं नाही.

तपासणीच्या मशीनमधून निघणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या तिनं एका जाड रजिस्टरात चिकटवून ठेवल्या होत्या. त्यावरून रिपोर्ट पुन्हा लिहिता येणार होते. पण कागद उष्णतेनं छापणारा, त्यामुळं जुन्या चिठ्ठ्यांवरची छपाई उडत चालली होती. काही पिवळट, काही पार कोऱ्या. अंगद आकडे वाचायचा, सगीरा टाइप करायची. साखर, क्रिएटिनिन, थायरॉईड. खिडकीजवळ धरून, तिरपी करून, एकेक चिठ्ठी. संध्याकाळी मोजलं तर पाचशे झाले होते.

चौथ्या शनिवारी एक म्हातारी आली, चतुराबाई. डॉक्टरनं सहा महिन्यांचा साखरेचा हिशेब मागितला होता. औषध वाढवायचं का, ते त्यावर ठरणार होतं. सुकेशनीनं रजिस्टर उघडलं. पाच चिठ्ठ्यांपैकी तीन कोऱ्या होत्या. ती सगीराकडं बघू लागली.

सगीरा उठून बाकावर म्हातारीशेजारी बसली. "आजी, तुमचे जुने रिपोर्ट संगणकातून पुसले गेले. माझ्या हातून झालं."

"तू डाक्टरीन हायेस का?"

"नाही. संगणक सांभाळते."

"मंग आता?"

"आज रक्त द्यावं लागेल. एक तपासणी आहे, तिच्यातून मागच्या तीन महिन्यांचा अंदाज येतो. पैसे लागणार नाहीत. त्याआधीचं मात्र नाही कळणार."

म्हातारीनं जरा विचार केला. "आन् डाक्टर वरडला तर?"

"मी येते तुमच्यासंगं."

रक्त घेऊन झाल्यावर ती खरंच गेली. रस्त्यापलीकडंच दवाखाना होता. डॉक्टर दहा मिनिटं बोलला, सगीरा ऐकत उभी राहिली. चतुराबाई तेवढा वेळ तिचा दंड धरून होती, आधारासाठी.

आठव्या शनिवारी रजिस्टर संपलं. तीनशे अठरा रिपोर्ट वाचताच आले नाहीत. सगीरानं त्या माणसांची यादी केली आणि सुकेशनी एकेकाला फोन लावू लागली. कुणी आले, कुणी नाही आले, दोघा-तिघांचे नंबर बंद होते.

प्रणयनं सगीराला लेखी समज दिली. अंगदचं कंत्राट आणखी सहा महिन्यांसाठी वाढलं. का वाढलं ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. साठा पुन्हा ब्याऐंशी टक्क्यांवर आला होता.

सोमवारी अंगदनं नवी यादी पाठवली. आता ती एकेका लॅबची वेगळी होती. सगीरानं पहिल्या लॅबला फोन लावला, आणि पलीकडची बाई कंटाळून जाईपर्यंत एकेका फोल्डरचं नाव वाचून विचारत राहिली. त्या दिवशी तीन लॅब झाल्या.