आधी काट्याला विचार

डिसेंबर लागला की जबलपूरजवळच्या शहपुऱ्यात धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या मोठ्या काट्यावर, मटारच्या ट्रॉल्यांची रांग पार हायवेपर्यंत जाते. या काट्याच्या कॅबिनमध्ये शर्मिला राऊत चार वर्षांपासून बसते. ट्रॉली काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि पावती लगेच इंटरनेटवरून जबलपूरच्या व्यापाऱ्याला पाठवायची, एवढंच तिचं काम. ऐकायला सोपं.

पण काट्याच्या मशीनची वायर वेगळी, पिवळी. इंटरनेटची वेगळी, निळी. आणि त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पाठीला वायर खोचायची जागा एकच. बरं, नुसती वायर बदलून भागायचं नाही. पिवळी लावली की काट्याशी बोलायला कॉम्प्युटरला ठरलेला पत्ता हातानं लिहून द्यावा लागे: एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, पन्नास. निळी लावली की तो पुसून टाकायचा आणि इंटरनेटच्या डब्याकडून आपोआप नवा पत्ता घे म्हणून सांगायचं. पुढची ट्रॉली आली की पुन्हा एकशे ब्याण्णव. दिवसाला साठ-सत्तर ट्रॉल्या.

"धनेशभाऊ, दुसरी खाच बसवून द्या ना," ती मालकाला म्हणायची.

"सीझन संपू द्या दीदी, लगेच बसवतो," धनेश म्हणायचा. सीझन संपला की म्हणायचा, "आता काय गरज आहे?"

पण खरं सांगायचं तर शर्मिलाला या खटपटीचा थोडा तोराही होता. तिच्याशिवाय काटा चालत नसे. मागल्या वर्षी दिराच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत तिचा फोन वाजला होता, आणि हातात अक्षता धरून तिनं धनेशला चारही आकडे सांगितले होते. भटजी थांबले. धनेशनं तरी एक आकडा चुकवलाच.

तिची भाची चिन्मयी जबलपूरला इंजिनीअरिंग शिकते, विजय नगरात भाड्याच्या खोलीत राहते. यंदा एका रविवारी ती ताजा मटार न्यायला शहपुऱ्याला आली आणि मावशीची वाट पाहत कॅबिनमध्ये बसली. तीन ट्रॉल्या होईपर्यंत ती बघत राहिली.

"मावशी, तू हे काय करून राहिली? रोज असंच?"

"रोज नाही. दर ट्रॉलीला."

"अगं पण वायर लागली हे कॉम्प्युटरला समजतं ना! बघ, खाचेजवळ छोटी बत्ती जलते. मग आगे का काम भी उसीको करू दे."

चिन्मयीला मराठी समजते पूर्ण, पण बोलताना अर्ध्यात हिंदी येते. तिनं खुर्ची ओढली. शर्मिला उभी राहून ट्रॉलीवाल्यांना थोपवत राहिली, आणि तासाभरात चिन्मयीनं छोटासा प्रोग्राम लिहिला. वायर खोचली रे खोचली की कॉम्प्युटर आधी हाक मारणार, मला पत्ता देणारं कोणी आहे का? उत्तर आलं तर समजायचं, ही निळी, इंटरनेट. दहा सेकंदांत उत्तर नाही आलं तर ही पिवळी, काटा; मग ते चार आकडे स्वतःच लिहून घ्यायचे.

शर्मिलानं पिवळी खोचली. मनात दहापर्यंत मोजलं. पडद्यावर वजन आलं. निळी खोचली. पावती गेली.

"हट!" ती म्हणाली, आणि उगाचच पुन्हा पिवळी खोचून पाहिली.

सोमवार-मंगळवार मजेत गेले. बुधवारी अकराला लाइट गेली. काटा आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होते, वजनं होत राहिली. पाऊण तासानं लाइट आली, तिनं निळी वायर लावली, आणि पावती जाईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रांगेतून भोंगे सुरू झाले. एक ट्रॉलीवाला खिडकीशी येऊन ओरडला, "दीदी, मटर सूख जाएगा!"

धनेश धावत आला. "काहून बंद पडलं? कोणी हात लावला होता याला? जुनंच बरं होतं!"

शर्मिलानं चिडून निळी वायर उपटली आणि पुन्हा खोचली. पावती गेली.

सगळे कामाला लागले, पण तिच्या डोक्यातून ते जाईना. वायर तीच, खाच तीच; मग आधी का नाही? दुपारी डबा खाताना तिची नजर समोर धनेशच्या ऑफिसात टांगलेल्या इंटरनेटच्या डब्यावर गेली. तो इन्व्हर्टरवर नव्हता. लाइट आल्यावर त्याचे सगळे दिवे लागायला दोन मिनिटं तरी जायची, हे ती रोज बघत होती. तिनं पोळीचा घास तसाच ठेवला आणि चिन्मयीला फोन लावला.

"तुझा प्रोग्राम आधी कोणाला विचारते गं?"

"नेटवाल्या डब्याला. वो नहीं बोला, तो काटा समझ लेता है."

"तिथंच चुकलं. तो डबा झोपेतून उठला नव्हता. हा बिचारा दहा सेकंद थांबला, आणि निळ्या वायरीलाच काटा समजून बसला. आता मी सांगते. काटा कधी झोपत नाही, तो इन्व्हर्टरवर आहे. आधी काट्याला विचार. तो असला तर लगेच बोलेल. नाही बोलला, तर निळीच असणार, दुसरं आहेच काय? मग डबा उठेपर्यंत विचारत राहायचं, कंटाळायचं नाही."

चिन्मयी म्हणाली, "मावशी, हे मला का नाही सुचलं?"

"तू इथे बसली कुठे होती चार वर्षं?"

चिन्मयीनं विजय नगरातल्या खोलीत बसूनच इंटरनेटवरून प्रोग्राम उलटा केला. त्यानंतर लाइट चार वेळा गेली. काट्यावर कोणाला पत्ताही लागला नाही.

जानेवारीत शर्मिलाच्या दुसऱ्या बहिणीच्या, कुंदाच्या मुलीचा साखरपुडा नागपूरला होता. शर्मिलानं पहिल्यांदाच दोन दिवसांची सुट्टी मागितली, आणि धनेश म्हणाला, "जा ना. मी बसतो."

नागपूरला फोन वाजला नाही. पानं वाढली, तरी वाजला नाही. तिनं पर्समधून काढून पाहिला, आवाज चालू होता. शेवटी तिनंच लावला.

"काय म्हणते काटा?"

"मजेत. पिवळी लावतो, वजन येतं. निळी लावतो, पावती जाते," धनेश म्हणाला. "तुम्ही जेवा दीदी."

ती पानावर येऊन बसली, पण दर घासाला फोन उचलून पाहू लागली. कुंदानं विचारलं, "तिकडं काही झालं का?"

"काहीच नाही झालं," शर्मिला म्हणाली. तेच तर दुखत होतं. येताना बसमध्ये ती खिडकीशी बसून, धनेशनं कामावरून काढून टाकलं तर काय बोलायचं, ते जुळवत आली. चांगली चार-पाच वाक्यं तयार झाली होती, त्यातली दोन तर फार कडक होती.

ती वाक्यं वाया गेली. कॅबिनमध्ये धनेश तिच्या खुर्चीत मागे रेलून बसला होता आणि ट्रॉलीवाल्यांशी गप्पा झोडत होता.

"दीदी, एक बोलू? दुपारनंतर मीच बसत जाईन. घरी राहिलो की बाबा टोपलीभर मटर पुढ्यात ठेवतात सोलायला. तुम्ही सकाळी सहाला उघडा, लोकांचीही लवकर सोय होईल. दोन वाजता घरी जा."

"आणि पगार?"

"तोच! काय दीदी तुम्ही."

दुसऱ्या दिवशी शर्मिला दोन वाजता घरी आली. घरात कोणीच नव्हतं. तिनं हात-पाय धुतले, ओटा पुसला, मग पुन्हा पुसला. अंगणात खाट होती आणि खाटेवर ऊन होतं. जरा टेकते म्हणून टेकली.

साडेपाचला तिचा नवरा पुंडलिक आला, तो तिला खाटेवर पाहून घाबरलाच. त्यानं कपाळाला हात लावून पाहिला. "काहून झोपली? बरं नाही का?"

"बरं वाटून राहिलं," शर्मिला डोळे न उघडता म्हणाली. "चहा टाका."