ताणमुक्तीचा कार्यक्रम

डॉ. महारुद्र म्हणजे ज्वारीचे नावाजलेले तज्ज्ञ. इतके नावाजलेले, की ज्वारीच्या रानात पाय ठेवायची त्यांना गरजच उरली नव्हती. परभणीजवळच्या एका कृषी महाविद्यालयात पंख्याखाली बसून ते उंटावरून शेळ्या हाकत. शेळ्या म्हणजे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी पोरं.

माधवी त्यांतलीच एक, झरी गावची. सरांच्या मुलीचा शाळेतला विज्ञान प्रकल्प तिनंच करून दिला आणि त्याला पहिला नंबर आला. सरांच्या सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीच घेऊन गेली. उरलेल्या वेळात स्वतःचं संशोधन. अलीकडं मोबाइलवर सरांचं नाव दिसलं की तिच्या छातीत धडधडायचं, घास घशाखाली उतरायचा नाही, झोप तर कधीच उडालेली. आई, केशरबाई, फोनवर विचारायची, "आवाज का गं असा बारीक झालाय?" माधवी म्हणायची, "नेटवर्क न्हाई, आई."

अशात वरून आदेश आला की संशोधक विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कार्यक्रम घ्या. सरांनी माधवीला बोलावलं.

"विद्यार्थ्यांचा ताण हा फार गंभीर विषय आहे," ते म्हणाले. "त्यामुळं सगळं तूच बघ."

"सर, माझी ज्वारी काढणीला आलीय."

"ज्वारी काय पळून जायलीय का?"

ज्वारी पळून जात नाही, खरंय. पण ही भाकरीची ज्वारी नव्हती. रानात वेगवेगळ्या वाणांचे छोटे छोटे तुकडे होते. प्रत्येक तुकड्याची कणसं वेगळी खुडायची, चिठ्ठी बांधून वेगळ्या पोत्यात ठेवायची, वेगळी तोलायची. त्या वजनांवरच तिचा प्रबंध उभा राहणार होता. एकात एक मिसळलं की संशोधन संपलं. गेल्या हंगामात गारपिटीनं सगळं पीक झोपवलं होतं, तेव्हा सारी आशा यंदावरच होती.

तरी ती कामाला लागली. हॉल, शाली, गुच्छ, पाहुण्यांची गाडी. 'ताणमुक्त जगू या' या फलकावर सरांचा फोटो लहान आला, म्हणून तो शहरात जाऊन पुन्हा छापून आणला.

कार्यक्रमाच्या सकाळी तिनं धीर करून विचारलं, "सर, दुपारी रानात जाऊ?"

सर प्रेमानं हसले. "गरजच नाही. काल तू फलकाच्या मागं होतीस ना, तेव्हा मजूर लावून तुझी सगळी ज्वारी काढून घेतली. तुझी ओढाताण बघवत नव्हती गं मला."

"तुकडे वेगवेगळे ठेवले ना, सर?"

"वेगवेगळे कशाला? खळ्यावर एकच रास घातलीय. लय भारी दिसायलीय."

माधवीचा चेहरा बघून सरांना आपण कशाचे तज्ज्ञ आहोत ते आठवलं असावं, कारण त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आकडे काय, बसवता येतात. आधी पाहुण्यांचा चहा बघ."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, वर उपकारही केले होते.

पाहुणे समुपदेशक होते. पहाटे उठा, सावकाश श्वास घ्या, मार्गदर्शकांशी मोकळं बोला, असं त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले. शेजारी बसलेला धम्मानंद, सरांचाच दुसरा विद्यार्थी, हळूच म्हणाला, "माधवी, रडायलीस का?"

"श्वास घ्यायलेय," ती म्हणाली.

तेवढ्यात सरांनी माइकवर जाहीर केलं, "आता माझी विद्यार्थिनी माधवी, तिनं ताणावर कशी मात केली ते सांगेल."

माधवी उठली. तिनं माइक हातात घेतला. "मला कित्येक महिने झोप नाही. जेवण जात नाही. सरांचा फोन आला की जीव घाबरतो. काल सरांनी माझं सगळं काम एका राशीत मिसळलं आणि आज म्हणाले, आकडे बसव. मी बसवणार नाही."

पाहुणे आनंदानं ओरडले, "वा! मन मोकळं करणं हीच पहिली पायरी!" आणि टाळ्या वाजवू लागले. पाहुणे वाजवतायत म्हटल्यावर सरांनीही वाजवल्या. सर वाजवतायत म्हटल्यावर अख्ख्या हॉलनं वाजवल्या. फोटोही निघाला. टाळी वाजवली नाही ती फक्त धम्मानंदनं.

कार्यक्रम संपल्यावर सर जवळ आले. "भावनेच्या भरात जरा जास्त बोललीस, पण छान. संध्याकाळपर्यंत कार्यक्रमाचा अहवाल दे. तुझं भाषण तेवढं गाळ."

"नाही देणार, सर."

त्या विभागात 'नाही' हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. सरांना खरोखरच काळजी वाटली. "ताण आलाय का तुला? पाहुणे अजून बाहेरच आहेत, बोलतेस का त्यांच्याशी?"

"ताण न्हाई, सर. राग आलाय."

एवढं बोलून ती प्राचार्यांच्या खोलीकडं निघाली, दुसरा मार्गदर्शक मागायला. तिच्या मागं धम्मानंद निघाला. त्याच्या मागं सरांची बाकीची पोरंही एकेक करून उठली. कप उचला रे कुणीतरी, अशी सरांनी हाक मारली, पण ऐकायला हॉलमध्ये कुणी उरलंच नव्हतं.