बटण शहाणं झालं

निवृत्त होताना कारखान्याने टर्नरला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते जरासं मागे पडतं म्हणून त्याने त्याच संध्याकाळी उघडून नीट केलं आणि मगच भिंतीवर टांगलं. उभा जन्म लेथवर लोखंड कातण्यात गेलेला माणूस. केसाएवढा फरकसुद्धा त्याच्या डोळ्यांना खुपायचा. आता तो डोळा घरापुढच्या बागेकडे वळला होता. बाग ती केवढी, चार खाटा मांडल्या तर भरून जाईल एवढी. पण तिला तिरप्या विटांची कड होती, कडेच्या आत पँझीची ओळ, मग शेवंती, मागे डेलिया आणि भिंतीशी तीन गुलाब. शेजारीण एकदा थट्टेने म्हणाली, डेलियांना दोरी लावून उभं करता की काय? तो खरंच दोरी लावत असे.

लोक त्याच्या बायकोला टर्नरीणबाई म्हणत. दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात शिवी नाही, बायकोपोरीवर कधी हात उगारला नाही. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं सगळे तिला सांगायचे. ती मान डोलवायची. पुढच्या खिडकीशी तिचं शिवणाचं मशीन होतं. कुणाची चेन बसव, कुणाचा झगा उसव, कुणाच्या पँटचे पाय आखूड कर, अशी कामं गल्लीतून येत आणि खाली मान घालून ती उरकत असे.

त्या घरात पिल्लू आलं ते नाइलाजाने. लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि डॉक्टरने तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. जावई रात्रपाळीला, पदरात सहा वर्षांची पोर आणि त्यात हे दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. काळंभोर गोल नाक म्हणून पोरीने त्याचं नाव ठेवलं होतं बटण. पोरीला मुंगी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे. बाळंतपण होईपर्यंत बटणला आईकडे ठेवता येईल का, असं लेकीने फोनवर विचारलं. टर्नरीण म्हणाली, मग मुंगीलाही पाठव, मला सोबत होईल. लेक म्हणाली की मुंगीची शाळा बुडेल. शाळेची बस तर या गल्लीतूनही जायची. टर्नरीणने पुढे काही विचारलं नाही. मुंगी आजवर एक रात्रही त्या घरी राहिली नव्हती, आणि का नाही, हेही तिने कधी विचारलं नव्हतं.

बटणने पहिल्याच सकाळी पँझीची निम्मी ओळ उपटली. मातीने माखलेलं तोंड घेऊन ते खिडकीखाली आलं आणि एक रोप मुळासकट तिच्यापुढे ठेवून शेपूट हलवत बसलं, जणू भाजी आणून दिली. तिला हसू आवरेना. टर्नर रागावला नाही. त्याने रोपं पुन्हा लावली, पाणी घातलं, हात धुतले आणि जाळी आणायला बाजारात गेला.

जाळी लावली तर पिल्लू खालून माती उकरून आत शिरलं. कुणीतरी सांगितलं, संत्र्याच्या साली टाका, त्या वासाला कुत्रं फिरकत नाही. बटणने साली खाऊन टाकल्या. मग मिरपूड झाली. ती नाकात गेल्यावर पिल्लू शिंका देत देत असं गडबडा लोळलं, की दोन डेलिया बुंध्यापासून मोडल्या. शेजारीण कुंपणापलीकडे पोट धरून हसत होती. टर्नरने मोडलेल्या फांद्या उचलल्या, सारख्या लांबीच्या कापल्या आणि बरणीत पाण्यात ठेवल्या. तोंडातून चकार शब्द नाही. त्याचं हे गप्प राहणं टर्नरीणच्या ओळखीचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती पिल्लाला पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीण तरुण होती, घाईतली होती, पण बोलणं सरळ. याला वाईट खोड म्हणू नका, ती म्हणाली. दात शिवशिवताहेत आणि अंगात रग आहे. त्याला खणायला स्वतःची जागा द्या. चावायला काहीतरी द्या. दोन वेळा फिरवून दमवा. फुलांकडे गेलं की हाक मारा, हाकेला आलं की शाबासकी द्या. आणि निघता निघता म्हणाली, मारू नका आणि कोंडू नका, भित्रं होईल.

टर्नरीणने तसंच केलं. मागच्या दारी, कपडे वाळत घालायच्या तारेखाली, फुटका टब वाळूने भरला. त्यात चिंध्यांच्या गाठी पुरून ठेवल्या. बटणने दिवसभर त्या उकराव्यात आणि तिने संध्याकाळी पुन्हा पुराव्यात. सकाळ-संध्याकाळ ती त्याला फिरायला नेऊ लागली. उगाच, काही आणायचं नसताना, अशी ती कित्येक वर्षांत घराबाहेर पडली नव्हती. पिल्लू पुढल्या बागेकडे वळलं की ती खिडकीतून हाक मारायची, आणि दहापैकी आठ वेळा ते कान पाडून धावत यायचं. रात्रीच्या जेवणाआधी मुंगीचा फोन यायचा. आज बटणने काय काय खणलं याची साग्रसंगीत हकिकत आजी नातीला सांगायची.

टर्नर एकदा टबाशी उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "आज वाळू दिलीस, उद्या ते बाग मागेल. खणायचं नाही म्हणजे कुठेच नाही."

ती म्हणाली, "अहो, लहान आहे ते."

"लहानपणीच शिकवायचं असतं," तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लेकीला अवेळी कळा सुरू झाल्या आणि तिला इस्पितळात हलवलं. टर्नरीण हाती लागेल ती पिशवी भरून मुंगीपाशी राहायला गेली. मुलगा झाला, पण दिवसांआधी आलेला, मूठभर. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. दिवसा इस्पितळ, संध्याकाळी मुंगी, रात्री जावयाचा डबा, या धबडग्यात तिला बटणची आठवण यायची ती मुंगीने विचारलं की तेवढीच. फोनवर टर्नर सांगायचा, ठीक आहे, शिकतंय.

दोन आठवड्यांनी ती घरी आली. फाटकातूनच बाग दिसली. एक पान इकडचं तिकडे नव्हतं. डेलियांना टपोऱ्या कळ्या आल्या होत्या. मागच्या दारी गेली तर टब नव्हता. जागा सपाट करून तिथेही रोपं लावलेली, दोरी धरून. बटण कुठे दिसेना. तिने हाक मारली, पुन्हा मारली. मग जिन्याखालच्या खोलीतून अगदी बारीक आवाज आला, कुणी नखाने लाकूड खरवडावं तसा.

ती खोली म्हणजे नावालाच खोली. खताच्या पिशव्या, फावडं, रंगाचे डबे. खिडकी नाही. बाहेरून कडी. टर्नरने समजावून सांगितलं: विटांची कड ओलांडली की आत. पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग जास्त, मग जास्त. पाण्याचं भांडं आत ठेवतो, उपाशी ठेवत नाही, अंगाला बोट लावत नाही. ओरडतसुद्धा नाही. दोन दिवसांपासून कड ओलांडलीच नव्हती, पण आज ओलांडली.

त्या खोलीत पूर्वी कोण असायचं हे दोघांनाही माहीत होतं. लेक लहान असताना खोटं बोलली, उशिरा आली, पेला फोडला की आत. तेव्हाही मार नव्हता, आरडाओरडा नव्हता. घड्याळ लावून कडी घातली जायची आणि घड्याळ लावूनच काढली जायची. पहिल्या पहिल्यांदा पोर दार बडवायची. पुढे नुसती रडायची. आणखी पुढे आवाजच यायचा बंद झाला, आणि टर्नर म्हणाला होता, बघ, शहाणी झाली. त्या वर्षांत टर्नरीणकडे शिवण फार असायचं. पायाखालचं पॅडल जोरात दाबलं की मशीनचा खडखडाट सगळ्या घरात भरायचा.

तिने जाऊन कडी काढली. पिल्लू बाहेर आलं ते पोटावर सरपटत. टर्नरने पाहिलं आणि काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्याही दिवशी नाही. तिने वाढलेलं ताट तसंच राहायचं; तो स्वतःची चहा-पोळी स्वतः करून घ्यायचा, भांडं घासून ठेवायचा आणि तिच्या अंगावरून असा जायचा की जशी ती तिथे नाहीच. पाचव्या दिवशी तिने विचारलं, किती दिवस असं? तो वर्तमानपत्र वाचत राहिला.

पुढच्या वेळी बटण विटांवरून आत गेलं आणि टर्नरने त्याला उचललं, तेव्हा ती खिडकीशीच बसली होती. पुढ्यात पडद्याचं मोठं काम होतं. तिने सुई ओवली आणि पॅडल दाबलं. जेवायला तो तिच्याशी बोलला. बाळाचं वजन वाढतंय का, असं त्याने विचारलं.

हे किती वेळा झालं, ते तिने मोजलं नाही. पडदे झाले, मग शेजारणीचे अभ्रे झाले. आणि एके दिवशी आवाज थांबला. बटण शहाणं झालं.

बाळ पेटीतून बाहेर आलं, जरा बाळसं धरलं, तेव्हा लेक दोन्ही मुलांना घेऊन आली. पिल्लू न्यायचं होतं. टर्नरने कपबश्या स्वतः पुसून मांडल्या होत्या, नातवाला हातात घेताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. मुंगी तडक बटणकडे धावली. ते उंबऱ्याशी बसलं होतं. वाढलं होतं, पण अंग चोरून बसल्याने तेवढंच वाटत होतं. मुंगीने त्याला मिठी मारली, त्याने मारू दिली. मग तिने खिशातला चेंडू काढून बागेत फेकला. चेंडू विटा ओलांडून शेवंतीत पडला.

"आण, बटण! जा, आण!"

बटणने चेंडूकडे पाहिलं नाही. ते जिन्याकडे पाहत होतं. त्याचं मागचं अंग कापू लागलं आणि त्याच्याखाली फरशीवर मूत पसरलं. मुंगी घाबरून आईकडे बघू लागली. टर्नर उठला, फडकं आणलं, गुडघ्यावर बसून फरशी स्वच्छ पुसली. पिल्लाला रागाचा एक शब्दही बोलला नाही. मग उठून लेकीला म्हणाला, "बघितलंस? एका पाकळीला तोंड लावत नाही. आणि मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही, विचार तुझ्या आईला."

लेक उठली. ती जिन्यापाशी गेली. तिने कडी काढून दार ओढलं; आतल्या बाजूचा खालचा हातभर रंग गेला होता, लाकडाचे तंतू निघाले होते. तिथे ती वाकली आणि त्या ओरखड्यांवरून तिने बोटं फिरवली. मग स्वयंपाकघरात आईमागे आली. टर्नरीण चहा गाळत होती.

"आई, तू मशीनवर बसली होतीस ना?"

टर्नरीणने दुसऱ्या कपावर गाळणी धरली. ती म्हणाली, "काम होतं गं."

"तेव्हाही काम होतं," लेक म्हणाली.

आवाज चढवला नाही. ते तिने बापाकडूनच घेतलं होतं. चहा न पिता तिने बाळाला गुंडाळलं, मुंगीला चपला घालायला सांगितलं, बटणला काखेत घेतलं. ते लाकडाच्या ओंडक्यासारखं कडक झालं होतं. फाटकाशी टर्नर विचारत राहिला की एवढ्यात का, झालं तरी काय. लेक म्हणाली, बाबा, बाग छान आहे. आणि गेली. ती पुन्हा त्या घरी आली नाही. मुंगीही नाही, बाळही नाही.

टर्नरला याचा उलगडा झाला नाही. अजूनही नाही. बाग वाचली, कुत्रंही धडधाकट परत दिलं, मग माझं चुकलं काय, असं त्याने बायकोला बऱ्याच संध्याकाळी विचारलं. तिने एकदा सांगून पाहिलं. जिन्याखालची खोली, असं म्हणून तिने सुरुवात केली, तर तो म्हणाला, तिथे तर खत आहे. डेलियांना त्या साली अशी फुलं आली की गल्लीतले लोक मुद्दाम बघायला थांबत. तो घरात असला तर बाहेर येऊन त्यांना कंद कसे साठवायचे ते सांगायचा.

टर्नरीण आता रविवारी बसने लेकीकडे जाते. लेक दार उघडते, चहा देते, बाळ मांडीवर देते. वाईट बोलत नाही. बटण आता थोराड कुत्रं झालंय. जावयाने त्याला इमारतीमागच्या पडीक जागेत नेऊन नेऊन पुन्हा खणायला शिकवलं. मातीत पाय टाकायलाच त्याला कितीतरी दिवस लागले, असं तो सांगतो. रात्री दिवा मालवला की ते विव्हळतं, म्हणून बाहेरचा दिवा चालूच ठेवतात. दूधवाल्याच्या अंगावर ते उड्या मारतं, जिना झाडणाऱ्या बाईच्या मागे मागे फिरतं.

टर्नरीणचं पाऊल आत पडलं की मात्र ते मुंगीच्या खाटेखाली जातं, पार भिंतीला लागून. ती येताना कागदात मटणाचे तुकडे बांधून आणते. खाटेशी फरशीवर बसते, कागद उलगडून आत सरकवते आणि हाक मारते, खिडकीतून मारायची तशी. आतून नुसता श्वास ऐकू येतो. गुडघे धरतात, पाय बधिर होतात, तरी ती बसून राहते. बसची वेळ झाली की भिंतीला धरून उठते. तुकडे तसेच असतात.

एकदा तिने मुंगीला विचारलं, मग त्याचं तुम्ही करता काय, फेकून देता?

मुंगी चित्र रंगवत होती. ती म्हणाली, "नाही आजी. तू गेलीस की ते खातं."