'येतो' म्हणायचं राहिलं

सुकेशनी लय हुशार, वालूरात कुणालाही विचारा. पण हुशारीला दृष्ट लागायची ती नेमकी घरातच लागली.

तिचे वडील सितारामगुरुजी फुप्फुसाच्या दुखण्यानं खाटेला खिळलेले. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करणाऱ्या या लेकीनं त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला, त्याची तार छोट्या कॉम्प्युटरला जोडली आणि स्वतः लिहिलेलं मॉड्यूल थेट कर्नेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या पार पोटात बसवलं. वरवरच्या प्रोग्रामचा काय भरवसा? दर सेकंदाला आकडा बघायचा, घसरला की घंटा वाजवायची. मायलाही तिनं बजावलं, सारखं उठून बाबांच्या छातीला हात लावू नको, यंत्र बघायलंय. सुलाबाईनं बिचारीनं ऐकलं.

त्या दुपारी घंटा वाजलीच नाही. सुलाबाई चहा घेऊन गेली तर गुरुजींचे ओठ जांभळे पडलेले, आणि पडद्यावर आकडा मस्त चौऱ्याण्णव.

परभणीहून ॲम्ब्युलन्स निघाली होती. माय गुरुजींची पाठ चोळत बसली. सुकेशनीला राहवेना, तिनं कोड उघडला. चूक समोरच होती. कर्नेलचा टायमर एकदाच हाक मारतो. हाकेला आलेल्या कामानं जाण्याआधी पुढच्या हाकेची वेळ स्वतःच लावून ठेवायची असते. आकडा मिळाला तर तसं होत होतं. पण सकाळी कधीतरी चिमटा सरकला, आकडा मिळाला नाही, आणि काम पुढची वेळ न लावताच निघून गेलं. परत आलंच नाही. जुना आकडा तेवढा पडद्यावर राहिला.

काय झालं म्हणून मायनं विचारलं.

"माय, ते जाताना 'येतो' म्हणालंच न्हाई."

सुलाबाईनं मान वर केली. "एवढी शिकलीस अन् त्याला एवढं शिकवलं न्हाईस?"

सुकेशनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी आली. गुरुजींना मास्क लावून स्ट्रेचरवर घेतलं. उंबऱ्यात तिनं त्यांचा हात धरला. "बाबा, येतो म्हणा." त्यांनी नुसतेच डोळे मिटले. बोलायला श्वास कुठून आणणार?

सोबत एकालाच चढता येत होतं. ड्रायव्हर घाई करायला लागला. ती पिशवी घेऊन धावली, चढता चढता म्हणाली, "माय, जाते मी." दार लागलं.

मागून माय गाडीमागं धावत काहीतरी ओरडायली होती. काय ते सुकेशनीला वालूर मागं पडल्यावर उमगलं.