मावशींचं नेट

मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते. खोकं छापायला जाण्याआधी त्यावरचं अक्षर न् अक्षर माझ्या नजरेखालून जातं. एक टिंब सरकलं तर गोळीची मात्रा दहापट होते, त्यामुळे आमच्याकडे संशयी स्वभावाला कुणी नावं ठेवत नाही, उलट त्याचाच पगार मिळतो. हे आधी सांगते, कारण पुढे जे केलं त्याला मी स्वतःशी हेच कारण देत होते.

ढब्बू नऊ महिन्यांचा झाला आणि माझी रजा संपली. त्याला सांभाळायला ज्या मावशी मिळाल्या त्यांच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. हात स्वच्छ, बोलणं बेताचं. पहिल्या भेटीतच ढब्बू त्यांच्या खांद्यावर झोपला. मला तेच खटकलं. इतक्या लवकर कसा काय झोपला?

नव्या घरात इंटरनेटची जोडणी यायला अजून दोन आठवडे होते. माझा फोन माझ्याबरोबर जाणार, नवऱ्याचा त्याच्याबरोबर. घरात उरत होते माझा जुना लॅपटॉप आणि मावशींचा फोन.

"मावशी, तुमच्या फोनवरून लॅपटॉपला नेट देता येतं," मी म्हटलं. "ऑफिसच्या फायली दिवसभर उतरत असतात. झाकण बंद केलं की सगळं अडतं. चालेल ना?"

"माझ्या फोनवरून?" मावशींनी फोन उलटा करून पाहिला, तिथे एखादं भोक असेल तसा. "घे की. बिघडणार नाही ना पण?"

"छे, काही होत नाही."

मी हॉटस्पॉट सुरू केला आणि लॅपटॉप त्यावर जोडला. मग लॅपटॉपवरून माझ्याच फोनला व्हिडिओ कॉल लावला, आवाज बंद केला, पडदा अगदी काळा केला आणि लॅपटॉप बुटक्या कपाटावर असा ठेवला की ढब्बूची चटई बरोबर समोर यावी. निघाले आणि दारातून तीनदा परत आले. एकदा किल्लीसाठी, एकदा डब्यासाठी. तिसऱ्यांदा कशासाठी ते मलाही सांगता आलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"म्हणजे त्यांच्यावर पाळत, तीही त्यांच्याच नेटवर?" तो हसायला लागला. "सरळ सांग ना, कॅमेरा आहे म्हणून."

"सांगितलं तर त्या मुद्दाम नीट वागतील."

"मग? आपल्याला तेच हवंय ना?"

मी त्याला दोरीवरचे कपडे काढायला पिटाळलं.

ऑफिसात मी फोन पट्टीला टेकवून ठेवायचे. एक नजर खोक्यांवर, एक मावशींवर. त्या भरवत होत्या, पुसत होत्या, बदलत होत्या, सगळं यथास्थित. फक्त एक गोष्ट. ढब्बू रांगत जरा कुठे लांब गेला की त्या त्याला उचलून पुन्हा चटईवर आणून बसवायच्या. एका सकाळी मी मोजलं, अकरा वेळा. पोराला हातपाय हलवू द्यायचे नाहीत, म्हणजे यांना उठायला नको, असा निष्कर्ष मी काढला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोललेसुद्धा.

"मावशी, त्याला जरा मोकळं रांगू देत जा. एकाच जागी किती बसवायचं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाटाकडे. "बरं," त्या म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. आपण काय बोलून बसलो ते मला त्या जिना उतरल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ढब्बू घरभर फिरला. पण दर थोड्या वेळाने मावशी त्याला चटईवर आणायच्या, क्षणभर टेकवायच्या आणि पुन्हा सोडायच्या. जणू हजेरी लावत होत्या. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

नेट मात्र दुपारी एकच्या आधीच संपायचं. पहिल्याच दिवशी चित्र थिजलं तेव्हा मी लगेच फोन केला होता.

"मावशी, नेट बंद केलंत का?"

"नाही गं, आजचं संपलं असा मेसेज आलाय. तुझं अडलं का?"

"थोडं अडलं," मी म्हटलं, पण स्वर असा की थोडं नव्हे, फार अडलं असं वाटावं. मग मी चित्र धूसर करून ठेवलं, म्हणजे ते आणखी थोडं पुरायला लागलं.

पाचव्या दिवशी एक वाजून पाच मिनिटांनी मी फोनकडे पाहिलं आणि हातातली पेन्सिल खाली पडली. मावशी ढब्बूकडे पाठ करून बसल्या होत्या. दोन्ही हात हवेत भराभर फिरत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं, भुवया वरखाली. मध्येच त्या थांबायच्या आणि पुन्हा सुरू. यांना झटका आलाय की काय? आणि मग चित्र थिजलं, एक हात तसाच वर.

साहेबांना मुलगा आजारी असल्याचं सांगितलं आणि पळत सुटले. घर दहा मिनिटांवर आहे.

दार उघडलं तर ढब्बू चटईवर गाढ झोपलेला. मावशी पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या फोनसमोर बसल्या होत्या.

"आज लवकर गं?"

"काय करत होतात तुम्ही? ते हात..." आणि मी जीभ चावली. हात मला दिसायला नको होते.

मावशींनी ते कानाआड केलं. "लेकाशी बोलत होते," त्या म्हणाल्या. "त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आमचं हातांनीच चालतं. नवी नोकरी लागलीय, लांब आहे. तिथे त्याचे हात कुणाला कळत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत, एक ते दीड, दिवसभरात तेवढंच काय ते बोलतो बिचारा."

"आणि हे पाच दिवस?"

"थांबतंय ना चित्र. मला जेमतेम वाचता येतं, लिहिता येत नाही, नाहीतर लिहून धाडलं असतं. काल त्याचं तोंड उतरलेलं. आई रागावलीय, बोलायचं टाळते, असं वाटलं त्याला. आज तेच समजवायला बसले, तर निम्म्यात हात अडकला माझा."

"मला सांगायचं ना, मावशी."

"तुझं ऑफिस अडत होतं ना."

टोमणा असता तर सोसला असता. टोमणा नव्हता.

"आणि तो हिरवा दिवा आहे ना, लॅपटॉपवर," मावशी ढब्बूचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या. "लेकाने दाखवलाय मला. तो लागला की पलीकडच्याला दिसत असतं. म्हणून तर याला तिथे आणून बसवायचे. म्हटलं, पहिल्यांदाच लेकराला सोडून गेलीय. दिसू दे तिला."

मी जाऊन लॅपटॉपचं झाकण खाली केलं. किती वाजले पाहिलं. एक वाजून अठरा.

"द्या तुमचा फोन," मी म्हटलं. माझ्या फोनवर हॉटस्पॉट सुरू केला, त्यांचा फोन जोडून दिला. पासवर्ड ढब्बूची जन्मतारीख होती, ती टाकली.

पडद्यावर एक तरुण मुलगा आला. अंगावर कारखान्याचा निळा कोट, गालात घास. आईला पाहताच त्याने घास कसाबसा गिळला आणि हात सुरू झाले. मावशी हसल्या. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि दोन बोटं आपल्या डोळ्यांशी नेऊन समोर रोखली. मुलाला लगेच कळलं. त्याने मला ओळखल्यासारखी मान हलवली.

"काय सांगितलंत?"

"तू आलीयस म्हणून. ही तुझी खूण."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दारातून तीनदा परत आलीस ना बघायला. आमच्यात नावं अशीच पडतात."

"त्याला सांगा ना, चित्र माझ्यामुळे थांबत होतं. तुम्ही रागावला नव्हतात."

"नेट खराब आहे म्हणून सांगते," मावशी म्हणाल्या. "राहू दे तेवढंच." आणि त्या त्याच्याकडे वळल्या.

खोली सोडून जावं, तर नेट तुटायची भीती. मी भिंतीकडे तोंड करून खाली बसले, फोन मांडीवर घेऊन. मागून आवाज येत होता तो फक्त बाह्यांच्या सळसळीचा, आणि मधूनच मावशींच्या हसण्याचा. मान वळवावीशी फार वाटत होती. माझ्या फोनवर एवढंच लिहिलं होतं: एक उपकरण जोडलेलं. दीड वाजेपर्यंत मी तेच बघत बसले.