बिनगाळलेलं पाणी

दोंडाईच्याच्या स्टेशनाकडे जाताना लखीचंद शेठचा जिन, म्हणजे कापसाचा कारखाना, लागायचा, आणि जिनाच्या भिंतीला लागून सुगंधाबाईचं मिरचीचं शेत. शेठने कापसातली सरकी काढायला नवं मोठं ऑइल इंजिन आणलं तेव्हा बँड वाजला, पेढे वाटले गेले. सुगंधाबाईनेही दोन खाल्ले. त्या पेढ्यांचा तिला पुढे फार राग आला.

कारण त्या इंजिनाला थंड ठेवायला दिवसभर पाणी लागायचं. शेठने भिंतीलगत खोल विहीर खणली, पंप बसवला, आणि पाणी इंजिनाच्या पोटातून फिरून तापलं की नालीत सोडून दिलं. पंधरवड्यात सुगंधाबाईची विहीर खाली गेली. चार घागरी निघायच्या, पण मोट चालेना. ऐन मिरची लाल व्हायच्या वेळी झाडं माना टाकायला लागली. नवऱ्यामागे हे शेत तिने एकटीने उभं केलं होतं. ते डोळ्यांदेखत वाळत होतं.

ती शेठकडे गेली. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, गाडीवाले विड्या ओढत होते. त्यांच्यासमोर शेठ हसून म्हणाला, "इंजिनले पाणी लागस, सुगंधाबाई. नालीमा ऊन पाणी वाही ऱ्हायनं, ते लई जाय."

गाडीवाले खो खो हसले. शेठ घेऊन जायला सांगत होता त्या नालीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग तरंगत होता. सुगंधाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि ती आग तिने जपून घरी नेली.

शेठची म्हातारी आई जतनबाई, पक्की जैन, सुगंधाबाईच्याच विहिरीचं पाणी प्यायची. ते गोड होतं, जिनाच्या विहिरीचं खारं. मोलकरीण रोज घागर भरून न्यायची. म्हातारी ते दुहेरी फडक्यातून स्वतः गाळायची, आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते फडकं धुतलेलं पाणी जपून त्याच विहिरीत परत पाठवायची. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात जायला हवा. गुडघे दुखत असल्याने ती घराबाहेर पडत नसे, जिनात तर तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सुगंधाबाई ओंजळभर ओल्या मिरच्या घेऊन तिच्या ओट्यावर गेली. म्हातारी पाणी गाळत होती. सुगंधाबाई इकडचं तिकडचं बोलली. मग अगदी भोळा चेहरा करून म्हणाली, "माय, तुम्ही एक घागर इतली जपीसन गाळतस. आनी शेठनं इंजिन हौदना हौद बिनगाळेल पाणी पेस, तेबी उकाळीसन. त्या जीवसनं काय व्हस?"

म्हातारीचा हात फडक्यावर थांबला. सुगंधाबाईला घरी जाताना गाणं म्हणावंसं वाटलं.

त्या दिवसापासून जतनबाईने पाणी सोडलं. इंजिनात बिनगाळलेलं पाणी जातंय तोवर तोंडात थेंब नाही, एवढंच ती म्हणे. शेठने पाय धरले, जैन महाराजांना मध्ये घातलं. म्हातारी ढिम्म. इंजिन बंद ठेवावं तर गाड्या नंदुरबारच्या जिनांकडे जाणार. शेवटी शेठने स्वतःच्या अकलेने तोड काढली. धुतल्या धोतराची दुहेरी घडी घेऊन पंपाच्या नळीच्या तोंडाला बांधली आणि आईला येऊन सांगितलं, आता गाळूनच जातंय. म्हातारीने घोटभर पाणी घेतलं.

इंजिन चालवणारा पुना दर थोड्या वेळाने धोतर सोडायचा, अडकलेले जीव परत जावेत म्हणून ते विहिरीत हलकेच खळबळायचा, पुन्हा बांधायचा. गाडीवाले आता शेठला हसत होते. दुसऱ्या दिवशी पुना भाकरी खायला बसला आणि धोतर गाळाने गच्च भरलं. इंजिनाला पाणी मिळेना. मिरच्यांत उभ्या असलेल्या सुगंधाबाईला काहीतरी फुटल्याचा मोठा आवाज ऐकू आला. तापून इंजिनाचं हेड, त्याचं वरचं लोखंडी झाकण, तडकलं होतं. नवं हेड मुंबईहून यायला हंगाम सरणार होता. गाडीवाल्यांनी बैल वळवले. शेठ कपाळाला हात लावून दारात बसला, आणि ते बघायला सुगंधाबाई मुद्दाम दोनदा तिथून गेली.

तिच्या विहिरीला पाणी चढलं. मोट पुन्हा चालू झाली.

एका सकाळी मोलकरणीऐवजी जतनबाई स्वतः रिकामी घागर घेऊन काठी टेकत सुगंधाबाईच्या विहिरीवर आली. बराच वेळ दम खात बसली. मग सुगंधाबाई आधी आपल्याकडेच का आली नाही, ते तिने विचारलं, "तू पहिले मनाकडे कसाले नही उनी? मनं पाणी गयं, इतलंच सांगती, तरी मी त्याले थांबाडी देती."

सुगंधाबाईने म्हातारीच्या डोळ्यात डोळे घालून पाहिलं. खोटं बोलायची तिला आता गरज नव्हती.

"थांबाडी देत्यात माय, मान्य शे. पन मंग त्यानं तोंड असं उतरतं का?"

म्हातारी उठली. रिकामी घागर उचलून ती जिनाच्या खाऱ्या विहिरीकडे वळली आणि मरेपर्यंत तिथलंच पाणी प्यायली. सुगंधाबाईने तिला हाक मारली नाही. मिरचीच्या पाटाचं बारं फुटून पाणी बाहेर जात होतं, ती कुदळ घेऊन तिकडे गेली.