आधी नजर, मग सुरी

विचारावं इमेल्डाला आणि उत्तर द्यावं जेराल्डीनने, ही रीत घरात कधी शिरली ते इमेल्डाला कळलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोप कशी लागते, की लेक सांगणार, "आईला छान लागते." जणू दोघी एका उशीवर झोपतात! सत्तरी उलटली म्हणून माणसाची जीभ झडते की काय?

पाळी जाऊन वीस वर्षं झाली होती आणि या उन्हाळ्यात पुन्हा डाग दिसले. आतला तुकडा काढून तपासला, तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. इमेल्डा रडली नाही. दोघींच्या वाट्याचं जेराल्डीनच रडली, मग डोळे पुसून फोनला बसली आणि गावाजवळच्या छोट्या इस्पितळात पुढच्या मंगळवारची ऑपरेशनची तारीख मिळवूनच उठली. आईला एका शब्दानं न विचारता.

डॉक्टर व्हेलनबाई म्हणाल्या, "तारीख असू दे, पण त्याआधी एमआरआय हवा."

"कशाला?" जेराल्डीन म्हणाली. "पिशवी काढायचीच आहे ना? मग तिचे फोटो कशाला काढत बसायचे?"

"किती खोल गेलाय ते कळायला," डॉक्टर म्हणाल्या. "अस्तराच्या खाली गर्भाशयाची जाड भिंत असते. कॅन्सर भिंतीत निम्म्याच्या आतच असेल, तर इथलं ऑपरेशन पुरे. निम्म्याच्या पुढे गेला असेल, तर लांब शहरात, सेंट जॉन्सला, कॅन्सरच्या सर्जनकडे जावं लागेल. ते ओटीपोटातल्या लसीकेच्या गाठीही काढून कॅन्सर तिथवर गेलाय का ते तपासतील. आधी कळलं तर सगळं एकदाच होतं. नंतर कळलं, तर पुन्हा ऑपरेशनची पाळी येऊ शकते."

"आईला एवढं नका सांगू डॉक्टर, ती चौथी शिकलेली. तिला काय कळणार?"

आता मात्र इमेल्डाने पर्स मांडीवरून खाली ठेवली. एकतीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात दिव्याच्या टेबलाशी उभी होती. वर काच, खाली दिवा. कॉड माशाची तुकडी काचेवर टाकली की मांस उजळायचं आणि आतला किडा सावलीसारखा दिसायचा. वरच्या पापुद्र्यात असला तर सुरीच्या टोकाने उचलायचा. खोल असला तर तुकडी निराळ्या पाटीत, निराळ्या हाताकडे. न बघता सुरी चालवणारी बाई त्या टेबलाशी आठवडाभरही टिकायची नाही.

"कीड वर आहे की खोल, एवढंच बघायचंय ना?" तिने विचारलं.

"एवढंच," डॉक्टर हसल्या.

"मग आधी बघायचं. सुरी नंतर."

गुरुवारी दोन तास गाडी हाकून दोघी मोठ्या इस्पितळात गेल्या. तिथे भलाथोरला फॉर्म होता. इमेल्डा चष्मा शोधेपर्यंत जेराल्डीनने तो भरूनही टाकला. नाही, नाही, नाही. लोणच्याच्या बरणीवर झाकण लावावं तशी एकेका प्रश्नावर फुली.

मशीनच्या दाराशी मात्र तिथल्या तंत्रज्ञाने अडवलं. फॉर्म कुणीही भरलेला असो, तोंडी विचारल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नसे.

"मावशी, शेवटचं विचारतो. अंगात धातूचं काही? पिन, छर्रा, लोखंडाचा तुकडा?"

"काही नाही," जेराल्डीन म्हणाली.

"आहे," इमेल्डा म्हणाली आणि तिने डावा तळवा पुढे केला. "गळाचं टोक. चौदा वर्षांची होते, बापाच्या होडीत शिरलं. बापाने सांडशीने ओढलं तर निम्मं बाहेर आलं, निम्मं माझ्याकडेच राहिलं."

तंत्रज्ञाचा चेहरा पडला. "मावशी, आत जबरदस्त लोहचुंबक आहे. आधी हाताचा एक्स-रे, मग डॉक्टर बघून ठरवतील. दोन-तीन तास कुठे गेले नाहीत. कदाचित आज होणारही नाही."

"मला कधी बोलली नाहीस!" जेराल्डीन उखडली.

"तू कधी विचारलंस? माझी उत्तरं तर तुला पाठ आहेत."

"पुरे झालं. चल घरी. मंगळवारी काढूनच टाकायचंय, तो फोटो गेला खड्ड्यात."

"तू जा. मी मासळीच्या ट्रकवर बसून येईन. काही पहिल्यांदा बसत नाहीये मी." आणि इमेल्डा खुर्चीत अशी रुतून बसली की गळाने बापाला दमवलं तशी ती लेकीला दमवणार, हे स्पष्ट दिसलं.

जेराल्डीन गेली नाही. गेली ती फक्त गाडीपर्यंत, आणि थर्मास नि काकवी लावलेले टाउटन घेऊन परत आली. दोघींनी ते तळलेले पाव खाल्ले. एक्स-रेत टोक तांदळाच्या दाण्याएवढं निघालं, मांसात घट्ट जखडलेलं. डॉक्टरांनी परवानगी दिली. हात तापला किंवा ओढल्यासारखा वाटला तर दाबायला एक घंटी तिच्या मुठीत दिली.

आत बर्फ फोडायच्या यंत्रासारखा खडखडाट होता. इमेल्डाला तो ओळखीचा वाटला. आठ-आठ तास एका जागी उभी राहिलेली बाई, तिला अर्धा तास पडून राहायला काय होतंय! घंटी वाजली नाही.

सोमवारी व्हेलनबाईंनी पडद्यावर चित्र लावलं. जेराल्डीनला सगळं धुकं दिसलं. इमेल्डा पुढे झुकली. गडद भिंत, तिच्यात फिकट डाग. तिने बोट टेकवलं.

"हा किडा. आणि हा निम्म्याच्या पुढे गेलाय."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. "हो. बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेला नाही, गाठीही सुजलेल्या दिसत नाहीत. पक्का निकाल ऑपरेशननंतरच्या तपासणीचा. पण उद्याचं इथलं ऑपरेशन रद्द. सेंट जॉन्सला चौदा तारीख मिळालीय, जे करायचं ते एकदाच करतील."

"एकदाच," इमेल्डा म्हणाली. "छान झालं."

गाडीत बसल्यावर जेराल्डीनने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "आई, उद्या इथे कापलं असतं तर..."

"तर मी दोनदा ऑपरेशनच्या टेबलावर चढले असते."

"मला वाटलं, लवकर झालं की सुटशील."

इमेल्डाने तिच्या गुडघ्यावर तोच डावा हात ठेवला. "माया खरी गं तुझी, पण घाई आंधळी. माझ्या टेबलाशी असतीस तर पहिल्याच दिवशी घरी धाडली असती तुला. सेंट जॉन्सला गाडी तू चालव, सामान तू उचल, रडायचं असेल तर दोघींचं मिळून तूच रड. पण जेराल्डीन, माझ्या अंगातलं कुणी विचारलं, तर तुझं तोंड बंद आणि माझं उघडं. चल, फिरव किल्ली."